जहाजाचा मार्ग आखणारी क्लार्क

असिमिना दामिगूला समुद्र लागायचा. पिरेअस बंदरासमोरच्या कचेरीत बसून तिने अडतीस वर्षं लोकांना समुद्रावर धाडलं, पण स्वतः बोटीत पाय ठेवला की ती पांढरीफटक पडायची.

"बशीतल्या पाण्याला घाबरते आमची मावशी," असं कॅप्टन लेओनिस येईल त्याला सांगायचा. तो तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. तरी मावशी म्हणायचा. सगळेच म्हणायचे.

कंपनी वालसामाकी घराण्याची. जहाज एकच, 'एव्हान्थिया', मालकांच्या आजीचं नाव. एकशेसाठ प्रवासी मावायचे. उन्हाळ्यात तिच्या शेजारी चौदा मजल्यांची क्रूझ जहाजं लागत. तेव्हा एव्हान्थियाची चिमणी त्यांच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतही पोचत नसे. धक्क्यावरचे हमाल ओरडायचे, "लेओनिस, तुझं जहाज कुठंय? ही तर त्याची होडी दिसतेय!"

असिमिनाचं काम मार्ग आखण्याचं. इतर कंपन्यांतले मार्ग आखणारे आधी बंदराची खोली बघत, मग प्रवाशांना फिरवायला बसगाड्या किती मिळतील ते. असिमिना आधी चर्चचं पंचांग उघडायची. बेटांवर प्रत्येक वाडीला एक देऊळ, देवळाला एक संत, संताला एक दिवस. त्या दिवशी सकाळी प्रार्थना होते, मग अंगणात कढया चढतात आणि सगळं गाव एका पंगतीला बसतं. येईल त्याला ताट. एव्हान्थिया नेमकी त्या सकाळी त्या बेटावर लागायची. हॅम्बुर्गचा दंतवैद्य गावच्या कोळ्याशेजारी बाकावर बसून बोकडाचा रस्सा खायचा. दुपारी व्हायोलिन वाजायचं. कुणीतरी म्हातारी त्या दंतवैद्याला हाताला धरून फेरात ओढायची.

एवढंच. विकण्यासारखं यात काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण लोक दोन-दोन वर्षं आधी जागा धरायचे.

दर जानेवारीत असिमिना फोन घेऊन बसायची. त्रेचाळीस गावं, त्रेचाळीस पाद्री. तीन आठवडे तिचं दुसरं काम नसे.

"पापा-निकिफोरोस, नमस्कार. गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला विचारतेस की मला?"

"गुडघ्याला. तुम्ही खोटं बोलता."

मग कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सून रुसली, विहिरीला पाणी किती, कुणाच्या शेळ्या व्यायल्या. जत्रेचा विषय अगदी शेवटी निघायचा. शेजारच्या टेबलावरचे कारकून एकमेकांना कोपरानं ढोसत हसायचे. फोनचं बिल बघून हिशेबनीस कपाळाला हात लावायचा. थोरले मालक येरासिमोस वालसामाकिस मात्र कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, हे फोन कुठून सुरू झाले.

त्र्याऐंशी साल. असिमिना अठ्ठावीस वर्षांची, कंपनीत पाच वर्षं जुनी. जत्रांचा मार्ग तिचीच कल्पना आणि त्याचं ते पहिलंच वर्ष. बाप बंदरात हमाल, कडवा कम्युनिस्ट. देवळाची पायरी कधी चढला नाही, लेकीलाही चढू दिली नाही. संत जॉर्जचा दिवस तेवीस एप्रिल, एवढं ती शाळेत शिकली होती. तिने तेवीस तारीख छापली आणि जहाज लिथारी बेटावर पाठवून दिलं. पण ईस्टर त्या वर्षी मेच्या आठ तारखेला होतं. ईस्टर उशिरा आलं की जॉर्जला थांबावं लागतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत जत्रा होत नाही, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी होते. हे बेटांवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. असिमिनाला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

जहाजावरून संदेश आला: जत्रा नाही. पाद्री शेतात आहे. काय करू?

येरासिमोसनी तो दोनदा वाचला. असिमिनाला वाटलं, संपली नोकरी.

"पुढच्या फेरीला तू जा," ते म्हणाले. "माफी मागून ये."

ती गेली. जाताना वाटभर ओकली. लिथारीच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिला उभंही राहवेना. समोर पापा-निकिफोरोस, तेव्हा काळ्याभोर दाढीचा तरुण पाद्री, हातात खुरपं घेऊन उभा. तो तिच्याकडे बघून हसतच सुटला.

"ती तेवीस एप्रिलवाली तूच का? एकशेसाठ माणसं आली पोरी, अन् माझ्याकडे फक्त घेवडा. सगळ्या गावाचा घेवडा उकडला त्या दिवशी."

"चुकले मी, पापा."

"चुकलीस ते ठीक. फोन का नाही केलास? कॉफीच्या दुकानात फोन आहे. मला हाक मारतात."

तेव्हापासून ते फोन.

थोरले मालक गेले. धाकटे थियोफिलोस लंडनहून व्यवस्थापन शिकून आले आणि वडिलांच्या खुर्चीत बसले. वय चौतीस. माणूस वाईट नव्हता, पण त्याला झोप नव्हती. कारण त्याच वर्षी चौदामजल्यावाल्या मोठ्या कंपनीने दोनशे प्रवाशांचं एक नवंकोरं छोटं जहाज काढलं. तीच बेटं, त्याच जत्रा, भाडं एक तृतीयांश कमी. असिमिनाचं मागल्या वर्षीचं पत्रक त्यांनी जवळपास शब्दशः उचललं होतं. पण मूर्ख नव्हते ते. ईस्टर या वर्षी पहिल्या मेला होतं आणि त्यांनी संत जॉर्ज बरोबर दोन मेला टाकला होता.

"मावशी, त्यांनी आपलं पंचांग चोरलं," थियोफिलोस म्हणाला.

"पंचांग देवळाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. चोरायचं काय त्यात?"

"मग आपल्याकडे उरलं काय?"

त्याने कागद पुढे ठेवला. मोठ्या कंपनीला एव्हान्थिया विकत हवी होती. मेअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हॅम्बुर्गच्या सहा एजंटांकडून निम्म्याहून जास्त प्रवासी येत. ते सहाही जण ईस्टरच्या आठवड्यात येणार होते. रविवार ते मंगळवार मोठ्या कंपनीच्या जहाजावर, बुधवार ते शुक्रवार एव्हान्थियावर. मग पुढची तीन वर्षं ते कुणाबरोबर राहायचं ते ठरवणार होते.

"ते गेले तर मी विकतो," थियोफिलोस म्हणाला. "मला दुसरा रस्ता दिसत नाही. तुम्ही घरी, लेओनिस घरी, सगळे घरी. मी भाडं कमी करतो. वरच्या डेकवर तरणतलाव बांधतो. त्यांच्याकडे आहे."

"तुझा तलाव त्यांच्यापेक्षा लहानच होणार. त्यांच्याकडे आहे ते आपण करायला गेलो तर वाईटच करू." ती चष्मा पुसत होती. "आपल्याकडे आहे ते करायचं. तेच नीट करायचं."

"पण तेही आता त्यांच्याकडे आहे!"

"बघू," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लिथारीहून फोन आला. झाखारिस बुडाला. एकोणतीस वर्षांचा. बंदराच्या तोंडाशीच त्याची होडी उलटली. लिथारीच्या जत्रेत व्हायोलिन वाजवायचा तो झाखारिस. बेटावर सत्तर घरं, आणि सगळी एकमेकांची सोयरी.

मार्चमध्ये चाळिसाव्याचा विधी होता. असिमिना सार्वजनिक बोटीने गेली. सात तास. लिंबू चोखत गेली, त्याचा काही उपयोग झाला नाही. देवळात तिने मेणबत्ती लावली, साखरगव्हाचा प्रसाद हातात घेतला, झाखारिसच्या आईशेजारी बसली. आईनेच विषय काढला.

"सगळं गाव म्हणालं, यंदा वाद्य नको, पंगत नको. मी म्हटलं नव्हतं हो. त्यांनीच ठरवलं."

"बरोबर ठरवलं," असिमिना म्हणाली.

पिरेअसला परतल्यावर तिने दोन मेच्या पानावरून लिथारी खोडलं. जॉर्जचं दुसरं एक छोटं देऊळ होतं, दुसऱ्या बेटावर. तिथल्या पाद्र्याला फोन करून तिने ते लिहिलं.

थियोफिलोस तिच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"लिथारी काढलंत? सगळ्यांत नावाजलेली जत्रा ती! एजंट त्या दिवशी त्यांच्या जहाजावर, लिथारीत. आणि आपण कुठल्यातरी कोपऱ्यात?"

"तिथे यंदा सुतक आहे."

"पण मग..." त्याचे डोळे एकदम चमकले. "मग त्यांना हे माहीत नाही."

"नाही."

"मावशी! म्हणजे ते स्वतःहून खड्ड्यात पडतायत. आपण गप्प बसायचं, बस्स."

"मी मघाशीच फोन केला त्यांना."

थियोफिलोस खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

फोनवर त्या कंपनीच्या अथेन्सच्या कचेरीतला मार्गप्रमुख भेटला होता. मिल्तिआदिस नावाचा, गोड आवाजाचा.

"ओहो, असिमिनाबाई! नाव ऐकून आहे. बोला, काय सेवा करू?"

"दोन मेला लिथारीला जाऊ नका. गावात तरुण मुलगा गेलाय. जत्रा नाही."

तो हसला.

"आणि तुम्ही कुठे त्या दिवशी?"

"दुसरीकडे."

"हां. म्हणजे लिथारी आम्ही सोडायचं, मग तुमचं जहाज तिथे अचानक हजर. बाई, आम्ही काल जन्मलो नाही."

"तुमची मर्जी. निदान वाद्यं तरी नेऊ नका. प्रार्थनेला जा, मेणबत्ती लावा, परत या."

"वाद्यं तर ठरलीसुद्धा. अथेन्सचे सहा जण. गावच्या एका व्हायोलिनपेक्षा भारी! तुम्ही आता आराम करा, असिमिनाबाई. खूप वर्षं केलंत."

तिने फोन ठेवला होता.

हे सगळं ऐकून थियोफिलोस म्हणाला, "पण त्यांना सांगितलंत कशासाठी?"

"त्यांच्यासाठी नाही सांगितलं. त्या आईसाठी सांगितलं."

तो उठून खिडकीशी गेला. समोर एक चौदामजली हळूहळू वळत होतं. त्या दिवसानंतर त्याने तरणतलावाचा विषय काढला नाही. विक्रीचा कागद मात्र खणातच होता.

दोन मेला, ईस्टरच्या सोमवारी, असिमिना घरी उरलेलं कोकरू गरम करत होती. दुपारी फोन वाजला. पापा-निकिफोरोस.

"बसली आहेस का? बस."

मग त्याने सांगितलं. सकाळी ते जहाज आलं. दोनशे माणसं देवळाच्या अंगणात आली. प्रार्थना संपली, गाव आपापल्या घरी निघालं. अंगणात ना कढई, ना बाक. तेवढ्यात त्या सहा वाजवणाऱ्यांनी धक्क्यावर सूर लावला. जोरात. नाचाचा.

"मग?"

"मग काय. एकेक खिडकी बंद झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. खडाक्, खडाक्, खडाक्. सत्तर घरांच्या खिडक्या. मी इथे चाळीस वर्षं आहे, असं कधी ऐकलं नाही. व्हायोलिनवाला शहाणा निघाला. त्याने गज खाली ठेवला. मला येऊन विचारलं, पापा, कोण गेलं? मी सांगितलं. तो रडला गं. वाजवणाराच ना तो. बाकीचे मागोमाग थांबले."

"आणि झाखारिसची आई?"

"तिच्याकडे मी बसलोय. तिच्याच घरून बोलतोय."

असिमिनाने शेगडी बंद केली.

"आणखी एक," पाद्री म्हणाला. "ते जर्मन लोक. त्यातली एक बाई, इर्मगार्ड पेटरझेन, मोडकंतोडकं बोलते आपलं. कॉफीच्या दुकानात जाऊन विचारत होती, हे असं कसं झालं? तू त्यांना केलेला फोन मी गावात सांगितला होताच. दुकानदार म्हणाला, असिमिनाने त्यांना सांगितलं होतं, ऐकलं नाही. मग तिने गल्लीत एका म्हातारीला विचारलं. तीही तेच म्हणाली. तुझं नाव घेतलं सगळ्यांनी. मी आपलं तुला सांगून ठेवतो."

बुधवारी एजंट एव्हान्थियावर चढले. चढल्या चढल्या पेटरझेनबाईंनी कॅप्टनला विचारलं, "असिमिना कुठे आहे?"

"मावशी? ती जहाजावर येत नाही. तिला समुद्र लागतो."

बाईंना वाटलं आपल्याला भाषा नीट कळली नाही. त्यांनी परत विचारलं. लेओनिसने पोटावर हात फिरवून, गाल फुगवून करून दाखवलं. सहाही जण एकमेकांकडे बघत राहिले.

थियोफिलोस धावत कचेरीत गेला. "मावशी, चला. हात जोडतो. शुक्रवारी स्तेनीची जत्रा आहे, तिथवर तरी चला."

ती गेली. दोन दिवस तिने केबिनची खिडकी सोडली नाही. लेओनिस दर तासाला दार वाजवून विचारायचा, "आहेस का गेलीस?"

"तुझं जहाज हलवायचं थांबव, म्हणजे सांगते!"

शुक्रवारी सकाळी स्तेनीला ती उतरली तेव्हा तिच्या तोंडाला रंग नव्हता. ईस्टरनंतरचा शुक्रवार म्हणजे झऱ्याच्या माऊलीची, मरियामातेची, जत्रा. डोंगराच्या कुशीत देऊळ, देवळाखालून पाणी. अंगणात पाच कढया रटरटत होत्या. बेटांवरचे पाद्री संसारी; इथल्या पाद्र्याची बायको तिला बघून ओरडलीच.

"अगं मेले, तू? फोनवर तर जाडजूड वाटतेस! बस इथे. आधी खा, मग भेटीगाठी."

ती मुकाट्याने बसली. शेजारी पेटरझेनबाई आल्या, मागोमाग बाकीचे पाच. सगळ्यांपुढे एकसारखी ताटं. कोपऱ्यात व्हायोलिन जुळवलं जात होतं.

"एक विचारते," पेटरझेनबाई म्हणाल्या. "मेमध्ये गावात काय होणार, हे जानेवारीत तुम्हाला कसं कळतं?"

"कळत नाही. मी विचारते. मग मार्चमध्ये परत विचारते."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि उद्या त्या कंपनीनेही विचारायला सुरुवात केली तर?"

"करू दे की. चांगलंच आहे." असिमिनाने पाव रश्श्यात बुडवला. रंग हळूहळू परत येत होता. "पण मग त्यांना गाव नाही म्हणालं की थांबावं लागेल. त्यांचं पत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं, सात भाषांत. ते थांबू शकत नाहीत. आमचं एकच जहाज. मी एक ओळ खोडली की ते वळतं."

पेटरझेनबाई खायच्या थांबल्या. बाकाच्या टोकाला बसलेला थियोफिलोसही थांबला. लंडनला दोन वर्षं त्याने हेच शिकायला घालवली होती, आणि असं कुणी सांगितलं नव्हतं. तो तिच्या रश्श्याने माखलेल्या बोटांकडे बघत राहिला.

जेवणं झाल्यावर देवळाच्या कट्ट्यावर करार झाला. तीन वर्षांचा. पेटरझेनबाईंनी एक अट घातली: मार्ग असिमिना दामिगू आखेल आणि तो बदलायचा अधिकार तिचा, शेवटच्या दिवसापर्यंत. त्या स्वतःच लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या.

"तुमचं कंपनीतलं पद काय लिहू?"

"क्लार्क."

थियोफिलोस एकदम वळला. "काय?"

"क्लार्क. अठ्ठ्याहत्तर सालापासून. तुझ्या वडिलांनी लावलं, मग कुणी बदललं नाही."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मावशी, मला खरंच... मी कधी बघितलंच नाही. पेटरझेनबाई, संचालक लिहा. मार्गसंचालक. आजपासून."

"क्लार्कच लिहा," असिमिना म्हणाली. "संचालक आला की पाद्री जपून बोलतात. क्लार्कला सगळं सांगतात."

एजंटांतला एक जण हसला. पेटरझेनबाई हसल्या नाहीत. त्यांनी 'क्लार्क' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद असिमिनापुढे सरकवला. तिने बोटं पुसली, सही केली. अंगणात पहिला फेर धरला जात होता. पाद्र्याची बायको तिच्या नावाने हाका मारत होती.

थियोफिलोसने कागद घेतला. करारावर मालकाची सही वर असते, जागाही वरच सोडलेली होती. त्याने ती जागा कोरीच ठेवली आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.